ताई, हातात तर घेऊन बघा!

सोलापुरात चादर घ्यायला गेलात, तर मुरलेला दुकानदार भावाचं नाव लवकर काढत नाही. आधी बसायला सांगतो, एक चादर उलगडतो आणि सरळ तुमच्या मांडीवर टाकतो. "बघा की ताई, बघायला कुठं पैसे पडतात?" मग दुसरी, मग तिसरी. तोवर चहाही येतो. अशा माणसाच्या जिभेवर साखर आहे असं आपण म्हणतो. पण मानसशास्त्रातले प्रयोग वाचले की वाटतं, जिभेपेक्षा कमाल आहे ती कशानंतर काय करायचं या अकलेची.

मांडीवरच्या चादरीचंच घ्या. वस्तूला नुसता हात लावला तरी ती थोडीशी आपली वाटू लागते, हे जोन पेक आणि सुझन शू या संशोधिकांनी २००९ साली प्रयोगांतून दाखवलं. आणि एकदा आपली वाटली की तिची किंमतही मनात चढते. कानेमन, नेच आणि थेलर यांच्या १९९० च्या गाजलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देऊन टाकले होते. ते विकायला त्यांनी जी किंमत मागितली, ती असे मग न मिळालेले विद्यार्थी द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. कॉफीचे मग तेच, मालकीही जेमतेम काही मिनिटांची!

मग येतो भाव. दुकानदार पहिला आकडा चढाच सांगतो. आपल्याला ते कळतं, तरी घासाघीस सुरू होते त्याच आकड्यापासून. ट्वर्स्की आणि कानेमन यांनी १९७४ मध्ये छापलेला प्रयोग याहून भन्नाट आहे. त्यांनी लोकांसमोर एक आकड्यांचं चक्र फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय आधीच केलेली होती. नंतर विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांना १० दिसला त्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ६५ दिसलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नव्हता. दुकानदाराच्या आकड्याचा निदान चादरीशी तरी असतो.

मला सगळ्यात आवडतो तो जेरी बर्गर यांचा १९८६ चा प्रयोग, कारण जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या बाजारात, तो रोज संध्याकाळी चालतो. बर्गर यांनी कपकेक विकायला ठेवले. काही गिऱ्हाइकांना एकदमच सांगितलं: एक कपकेक आणि दोन बिस्किटं, ७५ सेंट. बाकीच्यांना आधी फक्त कपकेकचे ७५ सेंट सांगितले, क्षणभर थांबून वर दोन बिस्किटं देऊ केली. पैसे तेच, माल तोच. पहिल्या गटात ४० टक्क्यांनी घेतलं, दुसऱ्यात ७३ टक्क्यांनी. गड्ड्यावरचा टॉवेलवाला नेमकं हेच करतो. "दोन टॉवेल दीडशे", मग तुमच्या तोंडाकडे बघत एक दम, आणि "बरं, वर हा नॅपकिन पण न्या!" तो नॅपकिन दीडशेत आधीपासूनच धरलेला असतो. पण समोरचा एक पाऊल मागे आला असं वाटलं की आपल्यालाही एक पाऊल पुढे टाकावंसं वाटतं.

मात्र याला मर्यादाही आहेत. एलेन लँगर यांच्या १९७८ च्या प्रयोगात झेरॉक्सच्या रांगेत मध्येच घुसण्याची परवानगी मागायची होती. पाच पानं असतील तर "मला प्रती काढायच्यात म्हणून" असलं पोकळ कारणही चाललं: ९३ टक्के लोकांनी जाऊ दिलं, काहीच कारण न देता ६० टक्क्यांनी. पानं वीस झाली आणि पोकळ कारणाची जादू उतरली, होकार बिनकारण मागणाऱ्याइतकेच, म्हणजे २४ टक्के. शेदीडशेच्या टॉवेलला "यात्रा आहे म्हणून देतो" पुरतं. लग्नाच्या बस्त्याला नाही पुरत.

सरावानंही फरक पडतो. खेळाडूंच्या चित्रांची कार्डं खरेदी-विक्री करणाऱ्यांवर जॉन लिस्ट यांनी अभ्यास केला. त्यात मुरलेल्या व्यापाऱ्यांना हातातल्या वस्तूचा मोह नवख्यांपेक्षा खूपच कमी असल्याचं दिसलं. सोलापुरातही ठोक खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याच्या मांडीवर कुणी चादर टाकत बसत नाही. तो उभ्यानंच वजन विचारतो, सूत कुठलं ते विचारतो, रंग पक्का आहे का ते बघतो, आणि दुकानदारानं तोंड उघडायच्या आत आपला भाव सांगून मोकळा होतो.