व्यापलेले रिसेप्टर आणि मिळणारा परिणाम : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नागपुरातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत बेडकाच्या पोटाच्या स्नायूवर ॲसिटिलकोलीन या मज्जातंतूंतून स्रवणाऱ्या रसायनाचा परिणाम काजळी धरलेल्या ड्रमवर नोंदवण्याचे प्रात्यक्षिक एके काळी ठरलेले असे. आता त्याची जागा बहुतांशी संगणकावरील सिम्युलेशनने घेतली आहे. प्राण्यांचा वापर कमी व्हावा म्हणून झालेला हा बदल योग्यच आहे, परंतु त्याबरोबर एक न मिटलेला वादही विद्यार्थ्यांच्या नजरेआड गेला. ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे द्रावणाने भरलेल्या नळीत, टांगलेल्या स्नायूला सुमारे ९० सेकंद औषध द्यावे, रिंगर या क्षारांच्या द्रावणाने धुवावे आणि पुढचा डोस दुप्पट करावा, असे करत गेल्यास तरफेची रेघ आधी भराभर चढते आणि पुढे एका उंचीवर अडते. सगळे रिसेप्टर, म्हणजे औषधाचा रेणू जिथे बसतो ते पेशीतले प्रथिन, व्यापले गेले म्हणून ती अडते, की स्नायूला याहून अधिक आकुंचन पावता येत नाही म्हणून? सिम्युलेशनमधली रेघ आधीच बसवलेल्या सूत्रावर चालते, त्यामुळे तिथे हा प्रश्न पडतच नाही.

रिसेप्टरची कल्पना १९०० च्या आगेमागे जर्मनीत विषांवरील प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातून आणि केंब्रिजमध्ये निकोटीन व क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारे विष यांच्या चढाओढीतून पुढे आली. १९२० च्या दशकात बेडकाच्या हृदयावरील मोजमापांवरून तिला गणिती रूप मिळाले आणि जितके रिसेप्टर व्यापले तितका परिणाम, असे गृहीत धरले गेले. हे गृहीतक सोयीचे होते, सिद्ध झालेले नव्हते.

ते मोडले १९५० च्या दशकात. १९५४ मध्ये नेदरलँड्समधून असे मांडले गेले की लिगँडची, म्हणजे रिसेप्टरवर बसणाऱ्या रेणूची, रिसेप्टरला बिलगण्याची ओढ वेगळी आणि बिलगल्यावर काम करवून घेण्याची क्षमता वेगळी. १९५६ मध्ये ब्रिटनमधील एका औषधशास्त्रज्ञाने गिनीपिगच्या आतड्यावरील प्रयोगांतून हीच क्षमता ‘एफिकसी’ या नावाने पुन्हा मांडली, पण एक पाऊल पुढे जाऊन : प्रबळ ॲगोनिस्टला, म्हणजे रिसेप्टरला कामाला लावणाऱ्या लिगँडला, पूर्ण परिणामासाठी थोडेच रिसेप्टर पुरतात. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात हिस्टामीनचे रिसेप्टर कायमचे बंद करत नेले असता डोस आणि परिणाम यांचा आलेख सुमारे शंभरपट उजवीकडे सरकला, म्हणजे तेवढ्याच परिणामासाठी सुमारे शंभरपट डोस लागला, तरी त्याची कमाल उंची घटली नाही. म्हणजे एरवी सुमारे १ टक्का रिसेप्टर व्यापले तरी भागत होते.

एफिकसीचे एकक मात्र सोयीने ठरवलेले होते : कमाल परिणामाच्या निम्मा परिणाम देणारी उत्तेजना म्हणजे १. या आकड्यामागे रेणूच्या पातळीवर काय घडते, हे त्यात कुठेच नव्हते. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयन वाहिन्यांच्या, म्हणजे पेशीच्या आवरणातून विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणाऱ्या मार्गांच्या, अभ्यासातून उत्तर सुचवले गेले की लिगँड आधी बसतो आणि मग रिसेप्टरचा आकार बदलतो. यातून पेच अधिकच घट्ट झाला. कारण आकार बदललेला रिसेप्टर लिगँडला धरून ठेवतो, आणि बंधनाच्या मोजणीत दिसणाऱ्या ओढीत एफिकसीही मिसळलेली असते. पाठ्यपुस्तके आजही दोहोंचे स्वतंत्र रकाने छापतात, हे प्रस्तुत लेखकाला फारसे पटत नाही.

औषध उद्योगाचे या वादावाचून काही अडले नाही. १९६० च्या दशकातील बीटा ब्लॉकर आणि १९७६ मध्ये बाजारात आलेले आम्लपित्तावरील सिमेटिडीन ही अडवणारी औषधे होती; ज्याला फक्त जागा अडवायची आहे, त्याच्या एफिकसीचा हिशेब कोण मांडणार? १९७३ मध्ये किरणोत्सारी लिगँड वापरून मेंदूतील ओपिऑइड रिसेप्टर प्रत्यक्ष मोजले गेले, १९८६ मध्ये ॲड्रेनालिनच्या बीटा-२ रिसेप्टरचे जनुक हाती आले, २००७ मध्ये त्याची स्फटिकरचना आणि २०११ मध्ये रिसेप्टरचा संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या जी-प्रोटीनसह जोडरचना प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी या क्षेत्राला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या चित्रांचे कौतुक रास्त आहे, पण त्यांनी एफिकसी म्हणजे नेमके काय हा १९५६ चा प्रश्न मिटवला, असे म्हणणे घाईचे ठरेल.

१९८९ मध्ये लिगँडशिवायच थोडेफार काम करणारे आणि विशिष्ट लिगँड मिळताच शांत होणारे रिसेप्टर दाखवले गेले, तेव्हा एफिकसीला उणे चिन्हही लागले. ॲलर्जीवरच्या अनेक जुन्या गोळ्या आता अशा शांत करणाऱ्या लिगँडांच्या गटात मोडतात. त्यानंतर एकच रिसेप्टर वेगवेगळ्या लिगँडसाठी पेशीत वेगवेगळ्या वाटा उघडतो, हा विचार रुजला आणि त्या आधारावर विकसित केलेल्या ऑलिसेरिडीन या वेदनाशामकाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मात्र दाखवले की अशा नव्या ओपिऑइडांचे दुष्परिणाम कमी दिसण्यामागे वेगळी वाट असण्याची गरज नाही. त्यांची एफिकसीच कमी असल्याने तेवढे स्पष्टीकरण पुरते.