पट्टकादंबाच्या रक्तातली ढिली कडी

मार्चचा रविवार, सकाळचे साडेसहा आणि ऊन आत्ताच चटकायला लागलेलं. उमरेडकडच्या एका तलावाच्या पाळीवर आम्ही नागपूरचे दहाबारा जण एका स्कोपसाठी, म्हणजे पक्षी बघायच्या मोठ्या दुर्बिणीसाठी, लाईन लावून उभे. समोर चिखलात पट्टकादंब, हंसांच्या कुळातले पक्षी, डोक्यामागे दोन काळे पट्टे, ओळखायला एकदम सोपे. सोबतचं एक पोरगं म्हणे, "काका, हे आता हिमालय क्रॉस करतील ना? पण वर तर ऑक्सिजनच नसते!"

असतो बाप्पा. वरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच, कमी होतो तो दाब, साडेपाच हजार मीटरवर जवळपास निम्मा, म्हणजे एका श्वासात रेणूच निम्मे येतात. ट्रान्समीटर लावलेल्या एका पट्टकादंबाची नोंद तर ७,२९० मीटरची आहे. एव्हरेस्टच्या टोकावरून उडतात हे मात्र वरून टाकलेलं तिखट, ते होईल तितकं डोंगरउताराला धरून वरखाली होत जातात.

खरी गंमत रक्तात आहे. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन म्हणजे आपला शेअर ऑटो समजा, चार सीटा, ऑक्सिजनची पहिली सवारी मिळायला वेळ लागतो पण ती बसली की रेणूचा आकारच बदलतो आणि बाकीच्या पटापट बसतात. बदलाआधीचा आकार आवळलेला, नंतरचा सैल. हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा अशा साखळ्यांचं बनलेलं, साखळीतले मणी म्हणजे अमिनो आम्लं. यातल्या अल्फा साखळीत ११९ नंबरच्या मण्याला याच्याच नात्यातल्या करड्या हंसात प्रोलीन असतं, पट्टकादंबात ॲलानिन, जे छोटं आहे, त्यामुळे शेजारच्या बीटा साखळीच्या ५५ नंबरशी असलेला स्पर्श सुटतो, आवळलेल्या आकाराची कडी ढिली होते आणि कमी दाबातही ऑक्सिजन पकडला जातो. आणखीही बदल आहेत, पण सगळ्यात जास्त फरक याचाच. मग स्नायूत सोडतो कसा? तिथं उष्णता आणि आम्ल वाढलेलं असतं, पकड आपोआप सुटते.

याला राजहंसही म्हणतात, म्हणून दूध-पाणी वेगळं करण्याचे फॉरवर्ड याच्याच फोटोवर फिरतात. अरे, तो गवत खातो, शेतातले कोवळे कोंब खातो, दुधाशी त्याचं काय घेणंदेणं!

बाकीचे एव्हाना तर्री-पोह्याच्या गाडीकडे सरकले होते, पोरगं मात्र तिथंच. "आपल्यात ११९ ला काय असते?" प्रोलीनच. त्याचं तोंड पडलं. मग सांगितलं, १९९१ मध्ये माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये हाच बदल लॅबमध्ये करून पाहिला होता, आणि पकड खरंच वाढली.