तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक मतदारयादीत का नाही?

अधिसभेची, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटची, निवडणूक आली की महाविद्यालयांत शिक्षकांची मतदारयादी लागते. त्याच महाविद्यालयात वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या, परीक्षेचं काम करणाऱ्या कितीतरी जणांची नावं त्या यादीत नसतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 शिक्षक म्हणून धरतो तो पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त अध्यापकाला. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळणारे सीएचबीवरचे (क्लॉक अवर बेसिस), प्राध्यापक त्यात बसत नाहीत. विद्यापीठाच्या कारभारात शिक्षकाचा आवाज किती, आणि नोकरीत अन्याय झाला तर त्याने जायचं कुठे, हे दोन जुने प्रश्न इथे एकत्र येतात.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं तेव्हा अधिसभेवरचे फेलो सरकार नेमत असे. लॉर्ड कर्झनच्या 1904 च्या कायद्याने मुंबईच्या अधिसभेची संख्या 100 वर बांधली आणि त्यातले बहुतेक सदस्य कुलपतींनीच नेमायचे, अशी सोय केली. या विधेयकाला केंद्रीय कायदेमंडळात कडाडून विरोध केला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. दीड तपाच्या आसपास फर्ग्युसनमध्ये शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. सरकारच्या नेमणुकांवर चाललेलं विद्यापीठ कसं असतं हे त्यांना आतून माहीत होतं. स्वातंत्र्यानंतर निवडून येणाऱ्यांचा वाटा वाढत गेला. 1974 साली विद्यापीठांचे नवे स्वतंत्र कायदे आले, आणि 1994 मध्ये राज्यातल्या बिगरकृषी विद्यापीठांसाठी एकच कायदा झाला. त्या काळात विद्याशाखेचा अधिष्ठाताही (डीन) निवडून यायचा.

2016 च्या कायद्याने हे चाक उलटं फिरवलं. अधिष्ठाता आता निवड समितीमार्फत नेमला जातो. संलग्न महाविद्यालयांतल्या सगळ्या शिक्षकांसाठी अधिसभेत 10 जागा आहेत, विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांसाठी 3. मुंबईसारख्या शेकडो महाविद्यालयांच्या विद्यापीठात 10 जण कोणाकोणाची बाजू मांडणार? डिसेंबर 2021 मध्ये या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं, तेव्हा वाद गाजला तो कुलगुरू निवडीत राज्यपालांचा शब्द चालणार की सरकारचा, यावर. मतदारयादीतून कोण वगळलं जातं, याची चर्चा तेव्हाही व्हायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

दुसरा धागा कामगार कायद्याचा. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 'उद्योग' या संज्ञेची व्याप्ती इतकी वाढवली की शिक्षणसंस्थाही त्यात आल्या. शिक्षकांनाही कामगार न्यायालयाचं दार उघडेल, अशी आशा त्यातून निर्माण झाली. ते दार 1988 मध्ये बंद झालं, आणि तेही गोव्यातल्या एका खटल्यात. वास्को द गामा इथल्या शाळेतल्या एका शिक्षिकेला कामावरून कमी केलं होतं. संस्था उद्योग असली तरी शिक्षक हा 'कामगार' नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. म्हणजे कार्यालयातला कारकून औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागू शकत होता, शेजारच्या वर्गात शिकवणारा शिक्षक नाही. विधिमंडळाने यावर वेगळा मार्ग काढावा, असंही न्यायालयाने सुचवलं होतं.

महाराष्ट्रात मार्ग होता तो न्यायाधिकरणाचा आणि तक्रार निवारण समितीचा. 1994 च्या कायद्यात दोन्ही होते, 2016 मध्येही राहिले. बडतर्फ केलेल्या शिक्षकाला आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं आणि त्याने अनेकांच्या नोकऱ्या वाचल्या आहेत. पण सीएचबीवाल्याचं काय? त्याचं नियुक्तिपत्रच मुदतीचं. जूनमध्ये पुन्हा बोलावलं नाही, तर आव्हान द्यायला बडतर्फीचा आदेशच हाती नसतो.

पूर्णवेळ शिक्षकांकडे निदान संघटनेची ताकद होती. 2013 मध्ये एमफुक्टो या प्राध्यापक संघटनांच्या राज्यव्यापी महासंघाच्या नेतृत्वाखाली 4 फेब्रुवारी ते 10 मे असा 96 दिवस परीक्षांच्या कामावर बहिष्कार चालला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हवी होती, आणि 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसताना लागलेल्या शिक्षकांचा प्रश्न सोडवायचा होता. निकाल रखडतील या धास्तीने विद्यार्थी आणि पालक हवालदिल झाले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. 27 जून 2013 च्या शासन निर्णयाने नेट-सेट नसलेल्यांना नियमित केलं, पण त्या तारखेपासून. आधीची दहा-वीस वर्षांची सेवा धरायची की नाही, आणि जुनी पेन्शन मिळणार की नाही, यावरून पुढे कोर्टकज्जे सुरू झाले.

दरम्यान निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भरल्या जात नव्हत्या. 2017 मध्ये वित्त विभागाने पदभरतीला लगाम घातला. नोव्हेंबर 2018 मध्ये 3,580 सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मंजुरी मिळाली, ती रिक्त जागांच्या 40 टक्केच होती. त्यातली 1,492 भरून होईतो कोविड आला आणि मे 2020 मध्ये भरती पुन्हा थांबली. उरलेल्या 2,088 जागांसाठी वेगळी परवानगी लागली. वर्ग मात्र थांबले नव्हते, ते सीएचबीवर चालले.

सीएचबीचा हिशेब असा. 2022 मध्ये पदवीच्या एका तासाचा दर 625 वरून 900 रुपये झाला. आठवड्याला 9 तासिका धरल्या आणि एकही बुडाली नाही, तर चार आठवड्यांचे 32,400 रुपये. गणपती, दिवाळी, परीक्षा आणि उन्हाळ्याची सुटी या काळातली रक्कम शून्य. झालेल्या तासिकांचं बिल प्राचार्यांच्या सहीने उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात जातं आणि पैसे हातात पडायला महिनोन्‌महिने लागतात. त्याच विषयाच्या नियमित सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगातलं मूळ वेतनच 57,700 आहे. पात्रता दोघांचीही नेट, सेट किंवा पीएचडी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या 10 टक्क्यांच्या वर नकोत आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी देऊ नये, असं म्हटलं होतं. जानेवारी 2025 मध्ये आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात ही 10 टक्क्यांची मर्यादाच वगळलेली आहे. तासिकेवर राबणारे वाढले की अधिसभेच्या मतदारयादीतले शिक्षक त्या प्रमाणात कमीच होणार. म्हणून पूर्णवेळ शिक्षकांच्या संघटनांनी सीएचबीवाल्यांना मताधिकार देण्याची मागणी आपल्या थकबाकीच्या मागणीइतकीच लावून धरायला हवी.