हाय फ्लो ऑक्सिजन: ६० लिटरचा हिशेब

न्यूमोनियाचा पेशंट बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या मेडिकल कॉलेज हॉस्पिटलात, अ‍ॅडमिट झाला आणि डॉक्टर म्हणाले "हाय फ्लोवर ठेवलंय", की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज सुरू होतात. एक, "व्हेंटिलेटर लावला म्हणे, आता काही खरं नाही." दुसरा, "घाबरू नका, नाकात नळी आहे फक्त, साधा ऑक्सिजन." दोन्ही चूक. हा व्हेंटिलेटर नाही, कारण श्वास पेशंट स्वतःच घेतो, आणि साधा ऑक्सिजन तर नाहीच नाही.

आधी साध्या मास्कचं गणित बघू. श्वास आत घेताना आपण हवा ज्या वेगाने ओढतो तो वेग शांत बसलेल्या माणसात मिनिटाला ३० लिटरच्या आसपास जातो, धाप लागलेल्या माणसात ६० किंवा त्याच्याही वर. मास्कला आपण सोडतो समजा १० लिटर. मग बाकीची हवा कुठून येते? मास्कच्या कडेच्या फटींतून, म्हणजे खोलीतली, आणि तिच्यात ऑक्सिजन २१ टक्केच. ढोबळ हिशेब करा: ३० ने ओढणाऱ्याला १० लिटर शुद्ध आणि २० लिटर खोलीतली हवा मिळून साधारण ४७ टक्के ऑक्सिजन मिळतो, ६० ने ओढणाऱ्याला तोच मास्क लावला तर जेमतेम ३४ टक्के. म्हणजे जो जास्त आजारी, जो जास्त धापतोय, त्यालाच कमी मिळतो!

हाय फ्लोचं मशीन इथेच वेगळं पडतं. ते हवा आणि ऑक्सिजन ठरवलेल्या टक्क्यात मिसळून मिनिटाला ६० लिटरपर्यंत नाकात सोडतं, त्यामुळे पेशंटला बाहेरची हवा फारशी ओढावीच लागत नाही आणि मशीनवर ६० टक्के लावले तर फुप्फुसात जवळपास तेवढेच पोचतात.

पण एवढा कोरडा वारा नाकात कोण सहन करेल? म्हणून तो ३७ अंशाला गरम करून पूर्ण ओला करतात. फुप्फुसाला त्या तापमानाच्या दर लिटर हवेत ४४ मिलिग्रॅम पाणी लागतं. आपल्याकडे जुलैत कपडे आठवडाभर वाळत नाहीत, पण त्या २८ अंशाच्या दमट हवेतसुद्धा पाणी असतं लिटरला पंचवीसेक मिलिग्रॅम, बाकीचं नाक स्वतःचं घालतं. पाइपातून येणारा ऑक्सिजन तर अगदी कोरडा. ६० लिटर पूर्ण कोरडा वायू ओला करायचा तर दिवसाला पावणेचार लिटर पाणी लागेल, म्हणून मशीनला लावलेली स्टराइल पाण्याची पिशवी सिस्टर सारखी बदलत असतात. हवा कोरडी राहिली तर कफ घट्ट होऊन चिकटतो आणि खोकून बाहेर पडत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. एका श्वासात साधारण ५०० मिली हवा आत जाते, त्यातली १५० मिली नाक, घसा, श्वासनलिका यांतच राहते, तिथे रक्ताशी देवाणघेवाण होत नाही. उन्हात पडलेल्या पाइपाचा नळ उघडला की आधी आतलं जुनं गरम पाणी येतं, तसं पुढच्या श्वासाला आधी हीच वापरलेली, कार्बन डायऑक्साइडवाली हवा आत जाते. धापणारा माणूस ३०० मिलीचे छोटे श्वास घेतो, म्हणजे निम्मी मेहनत वाया. हाय फ्लोचा झोत नाक आणि घशाचा वरचा भाग सतत धुऊन काढतो, तिथे ताजी हवा तयार असते, आणि श्वासाचा रेट खाली येतो. शिवाय थोडा दाबही तयार होतो, पण तोंड उघडं राहिलं की तो बराच उतरतो.

२०२१ च्या लाटेत कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगा, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) वाढतं, असे मेसेज फिरले. कापूर नाकातल्या थंडाव्याच्या संवेदना जागवतो, म्हणून मोकळं वाटतं, रक्तात ऑक्सिजन एक टक्काही वाढत नाही. त्या नादात हॉस्पिटल गाठायला उशीर करणं जिवावर बेततं.

पण हाय फ्लो म्हणजे जादूही नाही. फ्रान्स-बेल्जियममधला २०१५ चा ३१० पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध आहे, त्यात घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावायची वेळ येण्याचं प्रमाण ठळकपणे कमी झालं नाही, पण ९० दिवसांतले मृत्यू हाय फ्लोच्या गटात कमी होते. नातेवाईक हात जोडून सांगतात, डॉक्टर, व्हेंटिलेटर नको, यावरच ठेवा. हे समजतं, पण नळी लागणारच असेल तर ती लांबवणं धोक्याचं असतं. न्यूमोनियात डॉक्टर रॉक्स इंडेक्स बघतात: सॅच्युरेशनला ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचं, मग श्वासाच्या रेटने. सॅच्युरेशन ९२, ऑक्सिजन ०.६ (म्हणजे ६० टक्के), रेट मिनिटाला २८ असेल तर ५.४८, ठीक. रेट ३६ झाला तर ४.२६. ४.८८ किंवा वर राहिलं तर नळीची शक्यता कमी. बघा, सॅच्युरेशन दोन्ही वेळा ९२ च होतं, म्हणून नुसतं सॅच्युरेशन विचारू नका, श्वासाचा रेट किती आणि ऑक्सिजन किती टक्क्यांवर आहे तेही विचारा.

आणि गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून बांबोळीला हाय फ्लोवरच न्या असा हट्टही नको. दीड हजार लिटरचा छोटा सिलिंडर पूर्ण ६० लिटरने २५ मिनिटांत संपतो, रस्ता तासाभराहून जास्त.