कॅल्शियमची गोळी आणि लिंगाची ताठरता : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

‘कॅल्शियम घेतलं की ताठरता सुधारते का हो?’ असं काउंटरवर दबक्या आवाजात विचारलं जातं. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि उत्तर नीट समजून घेण्याजोगं आहे.

लिंगाच्या आत स्पंजासारखे दोन लांबट भाग असतात. त्यांतल्या पोकळ्यांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायू असतात. लिंग शिथिल असतं तेव्हा हे स्नायूही सैल असतील असं वाटतं, पण ते आवळलेले असतात. नसांतून सुटणाऱ्या नॉरॲड्रेनलिन या रसायनाच्या प्रभावाने पेशीत कॅल्शियम वाढतं, कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, त्यातून एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि स्नायू आखडतो. रक्त आत जेमतेम येतं.

उत्तेजना आली की नसांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. त्यामुळे पेशीत सायक्लिक जीएमपी नावाचं निरोप्या रसायन तयार होतं आणि कॅल्शियम उतरू लागतं : काही पेशीतल्याच साठ्यात परत जातं, बाहेरून येणारंही घटतं. स्नायू सैल पडले की पोकळ्या रक्ताने भरतात, शिरा दाबल्या जातात आणि रक्त आत टिकतं. थोडक्यात, ताठरतेसाठी या पेशींतलं कॅल्शियम कमी व्हावं लागतं. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांत निरोप्याचं काम करतं, या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) सायक्लिक जीएमपी मोडणाऱ्या विकराला अडवते, म्हणून उत्तेजना नसेल तर तिचा उपयोग होत नाही.

मग हाडांसाठी चालू असलेली कॅल्शियमची गोळी सोडायची का? मुळीच नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर ठरावीक पातळीत राखतं. तुमच्या गोळीने ताठरता येत नाही आणि जातही नाही. बीपीची अम्लोडिपिन पेशीत शिरणारं कॅल्शियम रोखते खरी, पण ती या त्रासावरचं औषध नव्हे.

हे मात्र जिवाशी गाठ असलेलं आहे : छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा कोणतंही नायट्रेट घेणाऱ्यांनी सिल्डेनाफिल किंवा तिच्याच गटातली टाडालाफिल घेऊ नये. रक्तदाब धोकादायक कोसळतो. चिठ्ठीशिवाय आम्ही ही औषधं देत नाही, कृपया आग्रह धरू नका. ताठरता 4 तासांहून जास्त टिकली तर थेट हॉस्पिटल गाठा.

त्रास वारंवार होत असेल तर शुगर, बीपी आणि हृदय तपासून घ्या. रक्तवाहिन्यांचा आजार कधीकधी आधी इथेच दिसतो. डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या, आयुर्वेदिक म्हणून घेतलेलीसुद्धा.