गाडीतले स्वयंपाकघर खाली का उतरले?

आमच्याकडून कुडाळ स्थानकावर जेवणाचे डबे घेणारे चाकरमानी नेहमी विचारतात की, पूर्वी गाडीतच सगळे शिजत असे, मग आता जेवण स्थानकावरून का चढवावे लागते. हा बदल केवळ आपल्या कोकण रेल्वेपुरता नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगत आहोत.

अमेरिकेत १८६८ मध्ये जॉर्ज पुलमन यांनी ‘डेल्मोनिको’ हा खास भोजनाचा डबा रुळांवर आणला आणि १८७९ पासून ब्रिटनमध्ये लीड्स ते लंडन मार्गावरही तशी सोय झाली. मात्र असा डबा जोडायचा म्हणजे तेवढ्या आसनांचे भाडे सोडायचे आणि आचारी, वाढपी, पाणी व इंधन यांचा भार गाडीबरोबर वाहायचा. गाड्यांचा वेग वाढून प्रवासाचे तास घटले, तसा हा खर्च परवडेनासा झाला. जपानमध्ये शिंकान्सेन या अतिवेगवान गाड्यांच्या डायनिंग कार २००० साली बंद झाल्या; तेथील प्रवासी स्थानकावर मिळणारा ‘एकिबेन’ हा डबा घेऊन चढतात. अमेरिकेत अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीने २०१९ मध्ये पूर्वेकडील रात्रीच्या गाड्यांत ताजा स्वयंपाक थांबवला, परंतु पश्चिमेकडील लांब पल्ल्याच्या गाड्यांत मध्यंतरी थांबलेला स्वयंपाक २०२१ मध्ये पुन्हा सुरू केला. प्रवास दोन-दोन दिवसांचा असेल, तर गरम ताटाला पर्याय नसतो, हेच यातून दिसते. स्वित्झर्लंड आणि चेक प्रजासत्ताकात आजही टेबलाशी बसून जेवता येते.

आपल्याकडे टेबल-खुर्चीची डायनिंग कार ‘डेक्कन क्वीन’ने टिकवली आहे, याचा आम्हांला मनापासून आनंद वाटतो. इतरत्र २०१७ च्या खानपान धोरणाने शिजवणे आणि वाढणे ही कामे वेगळी केली व स्वयंपाक जमिनीवरील मोठ्या स्वयंपाकघरांकडे नेण्यावर भर दिला.

जमिनीवर शिजलेले अन्न प्रवासात टिकले पाहिजे. म्हणून आम्ही घावणे जाळीवर पूर्ण निववूनच केळीच्या पानात बांधतो, कारण वाफ कोंडली की ते एकमेकांना चिकटतात. ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यात लवकर आंबते, त्यामुळे सोबत सुकी लसणीची चटणी असते.

गाडी येथे जेमतेम एक-दोन मिनिटे थांबते. तेव्हा गाडीच्या डब्याचा व आसनाचा क्रमांक आदल्या दिवशी कळवावा आणि जेवण चार तासांच्या आत संपवावे, ही विनंती.