इंग्रजी अलंकारसंज्ञा

इंग्रजीच्या अभ्यासक्रमात 'फिगर्स ऑफ स्पीच' या नावाने शिकवले जाणारे पारिभाषिक शब्द. सिमिली, मेटाफर, मेटॉनिमी, आयरनी, ऑक्सिमोरॉन ही त्यांतली नेहमी भेटणारी नावे. या नोंदीत त्यांच्याकडे बडोद्यातल्या मराठी विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले आहे, कारण या शहरात एकाच अलंकाराची तीन भाषांतली नावे एका डोक्यात नांदतात. घरी मराठी आणि शाळेत गुजराती असलेली मुलगी 'सजीवारोपण' शिकते. मराठी व्याकरणात तेच तिला 'चेतनगुणोक्ती' म्हणून भेटते आणि कॉलेजात त्याचे 'पर्सोनिफिकेशन' होते. अनुप्रासाच्या एका प्रकाराला गुजरातीत 'वर्णसगाई' म्हणतात. अक्षरांचे एकमेकांशी नाते असा त्याचा अर्थ. इंग्रजी 'अलिटरेशन' समजावण्यासाठी याहून चांगला शब्द प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही.

बडोदे कॉलेजची स्थापना 1881 ची. 1893 ते 1906 या काळात अरविंद घोष बडोद्यात होते. आधी संस्थानच्या कचेऱ्यांत आणि मग या कॉलेजात त्यांनी काम केले, फ्रेंच आणि इंग्रजी शिकवले आणि मराठी, गुजराती, संस्कृत येथेच आत्मसात केल्या. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा हे कॉलेज त्यात सामावले गेले. पुढे याच विद्यापीठात इंग्रजी शिकवत असताना गणेश देवी यांनी भारतीय साहित्यविचाराला आलेल्या विस्मृतीचा प्रश्न मांडला. परिभाषेची काळजी तर संस्थानी काळापासूनची आहे. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' या कोशात इंग्रजी शासनशब्दांना अनेक भारतीय भाषांतले प्रतिशब्द शेजारीशेजारी दिले आहेत. कारभाराच्या शब्दांना ही पद्धत शोभते. अलंकारांच्या बाबतीत मात्र नुसता प्रतिशब्द अनेकदा दगा देतो.

रूपक आणि मेटाफर यांचेच पाहा. शहराच्या मधोमध असलेला सुरसागर तलाव उदाहरणाला घेऊ. 'तिचे डोळे सुरसागरासारखे' ही उपमा, म्हणजे सिमिली. 'तिचे डोळे जणू सुरसागरच' ही उत्प्रेक्षा. इंग्रजीत हिला वेगळे नाव नाही, बहुतेक वेळा ती सिमिलीतच जमा होते. 'तिचे डोळे म्हणजे सुरसागर' हे रूपक. आता डोळ्यांचा उल्लेखच गाळून, तिच्याकडे पाहत कोणी म्हणाले, 'सुरसागर भरून आला', तर इंग्रजी शिक्षक यालाही मेटाफरच म्हणेल. संस्कृत साहित्यशास्त्र मात्र येथे थांबून पाहते. उपमानाने (येथे सुरसागराने) उपमेयाला (येथे डोळ्यांना) गिळून टाकले म्हणून ते याला रूपक न म्हणता अतिशयोक्तीचा एक प्रकार मानते. उलट मराठी पुस्तकात 'अतिशयोक्ती' म्हणून जे शिकवतात, 'ती इतकी रडली की सुरसागर उतू गेला', ती इंग्रजीतली हायपर्बली. म्हणजे मेटाफर हा रूपकापेक्षा रुंद शब्द आहे आणि आपली अतिशयोक्ती हायपर्बलीपेक्षा रुंद. वहीत दोघांमध्ये बरोबरीचे चिन्ह काढले की गोंधळाला सुरुवात होते. अपन्हुती, व्यतिरेक, अनन्वय या आपल्या अलंकारांसाठीही इंग्रजी वर्गात स्वतंत्र नावे शिकवली जात नाहीत.

विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतात ते मेटॉनिमी आणि सिनेक्डकी या जोडीपाशी. याचे कारण त्यांची समज नव्हे, शोधण्याची जागा आहे. मुले या दोघींचे प्रतिशब्द अलंकारांच्या यादीत शोधतात आणि ते तेथे नसतात. आपल्याकडे हा सगळा व्यवहार शब्दशक्तींच्या प्रकरणात, लक्षणेखाली येतो. लक्षणा म्हणजे सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ सांगण्याची शब्दाची शक्ती. शाळेत पाठ केलेले 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली' हे वाक्य आठवावे. बांगडी फुटली म्हणजे एक स्त्री विधवा झाली. बांगडी स्त्रीसारखी दिसत नाही, ती तिच्या हातात असते. नाते साम्याचे नाही, साहचर्याचे आहे. हीच मेटॉनिमी. त्याच पराभवाची बातमी सांगणारा सांकेतिक निरोपही प्रसिद्ध आहे: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. येथे मोती आणि वीर यांना जोडते ते मोलाचे साम्य, म्हणून हा मेटाफर. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातले दमाजीराव त्या रणातून परत आले होते. त्यामुळे बडोद्याच्या वर्गात पानिपत हे काही दूरचे उदाहरण ठरत नाही, आणि एकाच लढाईतली ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारीशेजारी लिहिली तर साम्य आणि साहचर्य यांतला फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

लक्षणा ओळखण्याची संस्कृत साहित्यशास्त्रकार मम्मटाने सांगितलेली कसोटी इंग्रजी परिच्छेदालाही जशीच्या तशी लावता येते. आधी सरळ अर्थाला बाध यायला हवा, मग दुसऱ्या अर्थाचा सरळ अर्थाशी काही संबंध हवा आणि शेवटी तसे बोलण्यामागे रूढी किंवा प्रयोजन हवे. शास्त्रातले जुने उदाहरण 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' हे आहे. प्रवाहावर वस्ती होत नाही, काठावर होते, पण 'गंगेवर' म्हटल्याने तिथला गारवा आणि पावित्र्य वाक्यात येते. इंग्रजीत राजसत्तेला 'क्राउन' म्हणतात ते याच न्यायाने. बडोद्याचा माणूस 'कोठीत काम आहे' म्हणतो तेव्हा त्याला कोठी या इमारतीतली सरकारी कचेरी अभिप्रेत असते. इमारतीचे नाव संस्थेला लागले, मेटॉनिमी झाली. सिनेक्डकी हे याच घरातले धाकटे भावंड. त्यात अंश संपूर्णाच्या जागी येतो किंवा संपूर्ण अंशाच्या. 'घरात खाणारी तोंडे पाच' यात तोंड म्हणजे अख्खा माणूस.

आयरनीला अनेक जण 'व्याजोक्ती' म्हणतात. ते टाळावे. व्याजोक्तीत खरे कारण लपवून खोटे पुढे केले जाते: डोळे भरून येतात आणि माणूस म्हणतो, कचरा गेला. हे आयरनी नव्हे. बोलण्यातल्या आयरनीला 'उपरोध' हा शब्द बसतो. स्तुतीच्या मिषाने निंदा असेल तर व्याजस्तुती जवळची. घटनेतल्या आयरनीला मराठीत 'दैवदुर्विलास' म्हणतात, पण त्याला दुःखाची छटा आहे, ती इंग्रजी शब्दाला नेहमी असतेच असे नाही.

ही नावे इंग्रजांनाही परकीच होती. बहुतेक ग्रीक आणि लॅटिनमधून आलेली. 1589 मध्ये जॉर्ज पटनहॅम याने त्यांना देशी इंग्रजी नावे देऊन पाहिली. त्याने आयरनीला 'कोरडी थट्टा' आणि हायपर्बलीला 'मोठ्याने खोटे बोलणारा' अशा अर्थाची नावे दिली. ती रुजली नाहीत. मुळातले अर्थ मात्र कळले तर पाठांतर हलके होते. मेटाफर म्हणजे इकडून तिकडे वाहून नेणे. आजच्या ग्रीसमध्ये मालवाहतुकीच्या गाड्यांवर हाच शब्द लिहिलेला असतो. हायपर्बली म्हणजे पलीकडे फेकणे, मेटॉनिमी म्हणजे नाव बदलणे. ऑक्सिमोरॉन, म्हणजे दोन विरोधी शब्दांची जोडी, हा शब्द 'तीक्ष्ण' आणि 'बोथट' या दोन शब्दांपासून बनला आहे, म्हणजे हे नाव स्वतःच आपले उदाहरण आहे. उच्चारही या मुळांमुळेच वेगळे झाले. शेवटचा स्वर उच्चारायचा असल्याने 'सिमाइल' नव्हे सिमिली, 'हायपरबोल' नव्हे हायपर्बली. तोंडी परीक्षेत मुले या दोन शब्दांपाशी घाबरतात. ती चूक स्पेलिंग प्रामाणिकपणे वाचल्याची आहे, तिच्यावर कोणी हसू नये.

यूफेमिझम, म्हणजे अप्रिय गोष्ट सौम्य शब्दांत सांगणे, मराठी मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. बांगडी फुटली तर घरातली आजी 'वाढवली' म्हणते, कारण 'फुटली' या शब्दाला वर सांगितलेले पानिपत चिकटलेले आहे. दांडिया बाजारातल्या मराठी घरातून निघणारा पाहुणा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, आणि शेजारचे गुजराती कुटुंब त्याला 'आवजो', म्हणजे 'या', म्हणून निरोप देते.